पेटीतला आवाज आणि भाचीचे कान



मागच्या खेपेला आपण मिक्सरच्या कार्बन ब्रशविषयी बोललो. आज कॉम्प्युटरविषयी बोलायचे आहे. 'आमच्या घरी कुठला कॉम्प्युटर?' असे म्हणून पान उलटू नका. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर विकत घेऊन मुलांच्या हाती देणारी घरे आता आपल्या वस्तीत कमी नाहीत. पोटाला चिमटा काढून घेतलेली ती पेटी एके दिवशी चित्रविचित्र आवाज काढू लागली की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. पैसे बुडाले, असेच वाटते. त्या आवाजाचा माग कसा काढायचा, ते आज माझ्या बहिणीच्या घरी घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

माझी धाकटी बहीण कळव्याला राहते. दोन खोल्यांचे घर. ती शाळेत पोषण आहार शिजवते, मेहुणे रात्रपाळीचे वॉचमन आहेत. भाची बारावी झाली आणि तिने शासनाच्या कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला, मराठी ३० शब्दांचा. मोबाईलच्या काचेवर टायपिंग शिकता येत नाही, त्याला खराखुरा कीबोर्ड लागतो. बहिणीचा भिशीचा नंबर लागला तेव्हा तिने ८,५०० रुपयांना एक जुना डेस्कटॉप घेतला. सोबत दोन छोटे स्पीकर फुकट मिळाले.

आठ दिवस बरे गेले. मग तक्रारी सुरू झाल्या. पेटी खरखर करते. स्पीकरमधून सारखी घूंऽऽ अशी घरघर येते. पेटीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. आणि भाचीची आणखी एक तक्रार होती. तिला आतून चींऽऽ असा बारीक आवाज येत होता, डासासारखा. त्याने डोके दुखते, टायपिंगमध्ये लक्ष लागत नाही, असे ती म्हणे. तो आवाज घरात दुसऱ्या कोणालाच येत नव्हता. मेहुणे म्हणाले, "काही आवाज नाही. अभ्यास टाळायचे बहाणे आहेत."

दुरुस्तीवाला आला. त्याने पत्र्याला हात लावून झटका बघितला, स्पीकरची घरघर ऐकली आणि निकाल दिला, "मदरबोर्ड लीक करतोय. बदलावा लागेल. साडेचार हजार."

त्या रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, रविवारी येऊन जा. नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकते. त्याने बाराशे सांगितलेत."

आवाजात रडू होते. साडेआठ हजारांची वस्तू बाराशेला. आणि परीक्षा दीड महिन्यावर.

एकेकाला गप्प करा

रविवारी मी माझी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. उभ्या आयुष्यात वायरमनचे काम केलेले, त्यामुळे टेस्टर, टेस्ट लॅम्प, टॉर्च सगळे पिशवीत असतेच. पण पिशवी न उघडता आधी भाचीकडे एक वही मागितली.

"मामा, वही कशाला?"

"पंचनामा करायचाय," मी म्हणालो.

माझे वडील गिरणीत फिटर होते. खात्यात एखादे बेअरिंग बिघडले की ते लाकडी दांड्याचे एक टोक बेअरिंगवर टेकवत आणि दुसरे टोक कानामागच्या हाडाला लावत. शेकडो माग धडधडत असताना त्यांना नेमके दुखणे सापडे. ते सांगत, "सगळे एकदम बोलायला लागले तर काही कळत नाही. एकेकाला गप्प कर." कॉम्प्युटरलाही हाच कायदा लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आवाज थांबला की नाही ते ऐकायचे आणि लिहून ठेवायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

प्रथम खोलीतला पंखा बंद केला, टीव्ही बंद केला. फ्रिजचे बटण पाच मिनिटे बंद ठेवले. आता खोलीत फक्त कॉम्प्युटर आणि आम्ही.

भाचीने वहीत चार रकाने पाडले : काय केले, खरखर, घूं, चीं. मग सुरुवात झाली.

कॉम्प्युटर शटडाउन केला. खरखर थांबली, चीं थांबले, पण स्पीकरची घूं चालूच! म्हणजे घरघर करायला कॉम्प्युटर चालू असण्याचीही गरज नव्हती. कॉम्प्युटरचा प्लग उपसून काढला. घूं बंद. प्लग परत घातला. घूं परत. मग प्लग तसाच ठेवून स्पीकरची बारीक वायर तेवढी पेटीतून काढली. घूं बंद. वायर जोडून पत्र्याला हाताची पाठ लावली. हाताला मुंग्या, आणि घरघरीचा सूर बदलला.

हे सगळे वहीत उतरले. मी भाचीला म्हणालो, "या रकान्यावर लाल खूण कर. याच्याकडे शेवटी येऊ, पण हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आणि तोवर पत्र्याला कोणी हात लावायचा नाही."

पहिला आवाज : खरखर

स्पीकर बाजूला काढून कॉम्प्युटर चालू केला. खरखर सुरू. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची सुरळी केली. एक टोक भाचीच्या कानाला, दुसरे पेटीच्या झरोक्यांवरून हळूहळू फिरवायचे. याला स्टेथोस्कोप म्हणा! खरखर सगळ्यात मोठी आली ती मधोमध, जिथे प्रोसेसरवरचा छोटा पंखा असतो तिथे.

कॉम्प्युटर बंद केला, प्लग भिंतीतून काढला, पाच मिनिटे थांबलो आणि मग बाजूचा पत्रा उघडला. एक वायर सैल होऊन पंख्याच्या पात्याला घासत होती. प्लास्टिकच्या पट्टीने ती बाजूला बांधली. सुक्या ब्रशने धूळ झाडली. खरखर गेली. खर्च शून्य.

वाचकहो, पेटीतले निम्मे आवाज असेच असतात. त्यांचा विजेशी थेट संबंध नसतो, ते फिरणाऱ्या वस्तूंचे असतात. पंखा घासतो, बेअरिंग कोरडे पडते, सैल स्क्रूमुळे पत्रा थरथरतो. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर तिच्या आत तबकडी फिरते, पुष्कळ डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० वेळा. तिची मंद घुमघुम असणारच. पण हार्ड डिस्कमधून टक्, टक्, टक् असा ठरावीक ठेक्याचा आवाज येऊ लागला तर दुरुस्तीच्या आधी एक काम करा. मुलांच्या मार्कशीट, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, फोटो, जे काही आत साठवले असेल त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या. ती डिस्क केव्हा मान टाकेल याचा भरवसा नसतो.

आणखी एक. कॉम्प्युटर चालू करताना 'बीप, बीप' असा आवाज येत असेल आणि पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर तो बिघडल्याचा गोंगाट समजू नका. मशीन ठरावीक बीप देऊन काय चुकले ते सांगत असते. पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. किती बीप, लांब की आखूड, ते मोजून दुरुस्तीवाल्याला सांगा.

दुसरा आवाज : चीं

आता राहिला भाचीचा बारीक आवाज. मी कान लावला. सुरळी लावली. मला काही ऐकू येईना. बहिणीला 'असेल काहीतरी' असे वाटले. मेहुणे कॉटवरून म्हणाले, "बघा, मी सांगत होतो."

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. (कंपने म्हणजे एका सेकंदात किती वेळा थरथर होते ती संख्या.) वय वाढते तशी वरची टोके आधी जातात. आयुष्यभर यंत्रांच्या गडगडाटात काम केलेल्या माणसाचे कान तर आणखी लवकर जातात. माझ्या वयाला १२-१३ हजारांच्या पुढचे बहुतेक गेलेले. मला ऐकू येत नाही याचा अर्थ आवाज नाही, असा होत नाही.

मी भाचीला विचारले, "हा आवाज सारखा एकसुरी येतो का?"

ती म्हणाली, "नाही मामा. लांब पान उघडून माउसचे चाक फिरवले की सूर बदलतो. थांबले की परत पहिल्यासारखा."

मग आम्ही परीक्षा घेतली. भाचीला भिंतीकडे तोंड करून बसवले. माउस माझ्या हातात. मेहुण्यांच्या हातात रुपया आणि वही. छापा आला तर मी पान सरकवायचे, काटा आला तर नाही. भाचीने फक्त ऐकून 'बदलला' किंवा 'नाही' एवढेच सांगायचे. मेहुणे मुळात हुशार माणूस. पाच वेळा झाल्यावर म्हणाले, "थांबा. ती चाकाची टिकटिक ऐकून सांगत असेल." शंका रास्त होती! तेव्हा आम्ही नियम बदलला. चाक दोन्ही वेळा फिरवायचे, पण काट्याच्या वेळी बाण पडद्याच्या रिकाम्या भागावर ठेवायचा, म्हणजे टिकटिक होईल पण पान हलणार नाही. पहिल्यापासून मोजणी सुरू केली. २० वेळा.

२० पैकी १९ बरोबर आले. नुसता अंदाज ठोकला असता तर दहाच्या आसपास आले असते.

मेहुण्यांनी वही मिटली. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून त्यांनी स्वतः सगळ्यांसाठी चहा टाकला.

हा आवाज येतो कुठून? जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो, नाक्यावरचा ट्रान्सफॉर्मर घुमतो, ते आपण ऐकतोच. लोखंडाचे चुंबकत्व कमी-जास्त झाले की त्याची लांबी किंचित बदलते. इंग्लंडच्या जूल या शास्त्रज्ञाने १८४२ साली हे दाखवून दिले. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात चुंबकत्व दोनदा चढते-उतरते, म्हणून चोकची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची असते. तो जाड आवाज तुम्हा-आम्हा सगळ्यांना ऐकू येतो.

कॉम्प्युटरच्या आत तांब्याच्या तारेच्या छोट्या गुंडाळ्या असतात. त्यांना कॉइल म्हणतात. प्रोसेसरला लागतो एखादा व्होल्ट, पण करंट लागतो तो कित्येक अँपिअर. तो पुरवण्यासाठी या कॉइलमधला प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. तेवढा वेगाचा आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचा आहे. पण प्रोसेसरचे काम काही सारखे नसते. घडीत विश्रांती, घडीत धावपळ. ही चढउतार सेकंदाला काही हजार वेळा होऊ लागली की कॉइलची थरथर कानाच्या टप्प्यात येते आणि चीं ऐकू येते. पान सरकवले की प्रोसेसरचे काम बदलते, म्हणून सूर बदलतो. काही बारीक कंडेन्सरही असेच गातात. त्यांच्यातला पदार्थ विजेच्या दाबाने किंचित फुगतो-आकसतो. ठरावीक स्फटिक दाबले की वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले होते. ही त्याचीच उलटी बाजू.

असा चीं हा बिघाड नाही. त्याने आग लागत नाही, मशीन खराब होत नाही. पण ज्याला ऐकू येतो त्याला त्रास होतो, आणि तो त्रास खरा असतो. त्यावर साधे उपाय आहेत. पेटी टेबलाखाली, कानापासून लांब ठेवावी. कोणी ओळखीचा असेल तर दुसरा पॉवर सप्लाय लावून बघावा, कारण कधीकधी चीं त्यातूनच येतो. मुले गेम खेळताना आवाज वाढत असेल तर तो ग्राफिक कार्डाचा असू शकतो. गेमच्या सेटिंगमध्ये चित्रांचा वेग बांधून टाकला की पुष्कळदा तो उतरतो. आम्ही भाचीची पेटी टेबलावरून उतरवून खाली लाकडी पाटावर ठेवली आणि झरोक्यांची बाजू भिंतीकडे केली, पण हवा खेळती राहावी म्हणून वीतभर अंतर सोडून. ती म्हणाली, "आता चालेल."

तिसरा आवाज : घूं

आता लाल खुणेकडे.

टेस्टर काढला आणि पेटीच्या उघड्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा मिणमिणला. बहिणीने तोंडाला पदर लावला. "म्हणजे तो बरोबरच सांगत होता? बोर्ड लीक करतोय?"

"थांब," मी म्हणालो. "बोर्डाला शिक्षा देण्याआधी साक्षीदार तपासू."

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला एसएमपीएस म्हणतात. त्याच्या आत, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींपासून पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कंडेन्सर असतात. विजेतला कचरा अर्थिंगमध्ये वाहून नेणे हे त्यांचे काम. अर्थिंग शाबूत असेल तर सगळे जमिनीत जाते. अर्थिंगच नसेल तर कचरा कुठे जाणार? पत्र्यावर साचतो. घरची वीज २३० व्होल्टची, तर पत्रा तिच्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह फारच थोडा असतो, म्हणून माणूस मरत नाही, मुंग्या येतात. आणि हाच प्रवाह स्पीकरच्या बारीक वायरमधून वाट काढू लागला की स्पीकर घूं करतो. बोर्ड चांगला असला तरीही!

मग आम्ही विजेची वाट तपासली. कॉम्प्युटरचा प्लग तीन पिनचा, ठीक. तो एका एक्स्टेन्शन बोर्डात. बोर्डाचे सॉकेट तीन भोकांचे, दिसायला ठीक. भिंतीतून प्लग काढून तो बोर्ड उघडला आणि खरा गुन्हेगार सापडला. आतमध्ये वायर दोनच होत्या! तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकाला काहीच जोडलेले नव्हते. बाजारात स्वस्तात मिळालेला बोर्ड. भोके तीन, वायर दोन.

भिंतीतल्या पॉइंटवर टेस्ट लॅम्प लावून पाहिला. तिथे अर्थिंग शाबूत होते. म्हणजे घरात अर्थिंग होते, ते पेटीपर्यंत पोहोचत नव्हते एवढेच. नाक्यावरच्या दुकानातून तीन तारांची वायर, चांगला प्लग आणि सॉकेट आणले. सव्वातीनशे रुपये. तासाभरात नवा बोर्ड तयार झाला. कॉम्प्युटर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. आधी मी आणि मग मेहुण्यांनी पत्र्याला हात लावला. मुंग्या नाहीत. स्पीकर जोडले. घूं गेली होती. कान अगदी जाळीला लावला तर सूक्ष्म सळसळ, ती प्रत्येक स्पीकरला असते.

बहीण मटकन खाली बसली. "साडेचार हजार देणार होते रे मी."

मी तिला सांगितले, पैशाचे सोड. त्या दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलला असता तरी मुंग्या तशाच राहिल्या असत्या. आणि उद्या आतली एखादी फेजची वायर खरेच पत्र्याला चिकटली असती तर सगळे २३० व्होल्ट पत्र्यावर आले असते. अर्थिंग असते तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. अर्थिंग नसताना पोरीने ओल्या हाताने पेटीला हात लावला असता तर? पुढचे मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

त्या दुरुस्तीवाल्यावर मी राग धरला नाही. त्याने ऐकले, पण तपासले नाही. घाईच्या माणसाचे असेच होते.

हे कधीही करू नका

स्पीकरची घरघर घालवण्याचा एक खोटा उपाय काही लोक सांगतात : प्लगची वरची पिन काढून टाका, किंवा दोन पिनचा जोड लावा. केबल टीव्हीची तार आणि कॉम्प्युटर एकाच स्पीकरला जोडले असतील तर अशाने घरघर कधीकधी थांबतेही. पण ती पिन तुमच्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी आहे. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, ती यासाठीच की प्लग घालताना तिने आधी जोडावे आणि काढताना शेवटी सुटावे. घरघर घालवायची तर टीव्हीची तार काढून बघा, कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. पिनेला हात लावू नका.

सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधणे, अर्थिंगची वायर नळाच्या पाइपला गुंडाळणे, हेही जीवघेणे आहे. भिंतीत अर्थिंग नसेल तर ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. जमेल तर घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की तो झटक्यात वीज तोडतो.

एसएमपीएसचा लोखंडी डबा घरी कधीही उघडू नका. त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट साठवणारा कंडेन्सर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज शिल्लक राहू शकते. फिरता पंखा बोटाने किंवा काडीने थांबवू नका.

वहीत उतरवून ठेवा

खरखर, घुर्रघुर्र : पंखा, वायर किंवा सैल पत्रा. प्लग काढून तपासा.

ठेक्यात टक्-टक् : हार्ड डिस्क. आधी कागदपत्रांची प्रत काढा.

काम बदलले की बदलणारा बारीक चीं : कॉइल. घाबरण्याचे कारण नाही.

स्पीकरमध्ये घूं, पत्र्याला मुंग्या : आधी अर्थिंग तपासा, मग बाकीचे.

स्पीकरमध्ये मधूनच टर्र-टर्र आणि लगेच फोन वाजतो : साध्या टू-जी फोनच्या लहरी. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने लहरी सोडतो आणि स्पीकरची वायर त्या पकडते. फोन हातभर लांब ठेवा.

तडतड, चटचट, ठिणगी, जळका वास किंवा धूर : इथे ऐकत बसू नका! मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा. सैल सॉकेटमध्ये वीज उडी मारत असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. कारण सापडेपर्यंत कॉम्प्युटर लावू नका.

जुन्या मदरबोर्डवर उभ्या डबीसारखे कंडेन्सर असतात. त्यांचे डोके सपाट असायला हवे. फुगलेले किंवा गळलेले दिसले तर बोर्ड खरेच आजारी आहे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभर असे सदोष कंडेन्सर मोठ्या प्रमाणात निघाले होते. त्या काळातली पेटी स्वस्तात मिळत असेल तर टॉर्च मारून आधी ही डोकी बघा आणि मगच पैसे द्या.

निघताना भाची दारापर्यंत आली. वही तिच्या हातातच होती. म्हणाली, "मामा, आमच्या क्लासमधल्या एका मुलीच्या कॉम्प्युटरलाही हात लावला की झटका बसतो. तिच्या घरचे म्हणतात, जुन्या मशीनला तेवढे चालायचेच. मी उद्या तिच्याकडे जाऊन एक्स्टेन्शन बोर्ड बघू?"

"बघ," मी म्हणालो, "पण नुसते बघायचे. प्लग काढून, आणि तिच्या वडिलांना शेजारी उभे करून. उघडायचे काम वायरमनचे."

मागून मेहुण्यांचा आवाज आला, "मी जातो तिच्याबरोबर. रुपया पण घेतो!"

वाचकहो, आज घरी कॉम्प्युटर असो वा नसो, एक काम करा. जिथे फ्रिज, इस्त्री, टीव्ही लावता ते एक्स्टेन्शन बोर्ड प्लग काढून हातात घ्या आणि त्याची वायर बघा. कापलेल्या टोकाला किंवा प्लगमध्ये तीन तारा दिसतात की दोन? दोन असतील तर त्यावर फ्रिज किंवा इस्त्री लावू नका. तेवढे तपासले तरी या सदराचे चीज झाले. आणि घरातले लहान मूल 'मला आवाज येतोय' असे म्हणाले, तर त्याला गप्प करण्याआधी एक रुपया आणि एक वही घेऊन बसा.

पुढच्या खेपेला पावसाळ्यात भिंतीतून येणाऱ्या विजेविषयी बोलू. तोवर नमस्कार.